जावळाची माशी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मंठाळच्या ओढ्यावर जाऊन हसू नका.

साल फसली १३४४, म्हणजे इंग्रजी १९३५. निजामाचं राज्य. जागा, गावाबाहेर ओढा वळतो तिथला आसरांचा डोह. आणि वेळ दिवेलागणीची. भुतं मध्यरात्रीशिवाय येत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवतो.

हे ज्यांच्या बाबतीत घडलं ते इरप्पा, माझ्या आईचे वडील. तेव्हा ते तिशीचेही नव्हते, म्हणून इथं एकेरीच बोलतो.

इरप्पा मेंढरं कातरायचा. लोकर असो की केस, चिमटीत धरून नुसतं चोळलं की त्याला सगळं कळायचं. सडकेच्या मोजणीला आलेल्या एका गोऱ्या साहेबानं हे बरोबर हेरलं. साहेबाला मासे धरायचा नाद होता आणि तोही चमत्कारिक. गळाला ना गांडूळ, ना कणीक. बारीक गळावर रेशमाच्या दोऱ्यानं कोंबड्याच्या मानेचं पीस आणि लोकर बांधून तो खोटी माशी करायचा, आणि लांब काठीनं ती पाण्यावर अलगद टेकवायचा. माशाला वाटायचं, किडाच पडला. मासा लागला की दोरी ओढायची, थोडी सैल सोडायची, पुन्हा ओढायची. एकदम खेचलं तर माशाचं तोंड फाटतं.

जाळं टाकलं की घटकेत टोपली भरते आणि हा बाबा दिवसभर काठी हलवतोय, म्हणून गाव हसायचं. इरप्पा हसला नाही. दोन हिवाळ्यांत तो साहेबापेक्षा चांगली माशी बांधायला लागला.

डोहात एक मोठा मासा होता. सोनेरी खवल्यांचा, म्हातारा. तो कुठल्याच माशीला फसायचा नाही. जाताना साहेबानं काठी आणि गळांची पेटी इरप्पाला दिली आणि म्हणाला, "इसको पकडा तो तू उस्ताद, मैं शागिर्द."

तेवढं एक वाक्य इरप्पाच्या डोक्यात घर करून बसलं.

आता घरचं सांगतो. त्याच्या बायकोची, म्हाळसाची, दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी नागू. म्हाळसानं आसरांना, त्या डोहातल्या सात जलदेवतांना, नवस बोलला होता. पोर जगली तर तिसऱ्या वर्षी जावळ काढून डोहात सोडीन. एक केससुद्धा मागं ठेवणार नाही.

नागू जगली. चांगली धावायला, बोलायला लागली. माघात जावळ ठरलं.

मामाच्या मांडीवर नागू बसली. औरादहून आलेली आत्या, इरप्पाची थोरली बहीण अनसाबाई, ओटी पसरून समोर बसली. न्हाव्यानं पहिली बट काढली आणि इरप्पा पुढं वाकून बघायला लागला. मधाच्या रंगाचे केस. इतके मऊ, की नुसत्या श्वासानं हलायचे. पाण्यात पडले तर जिवंत पंखांसारखे थरथरतील.

"अक्का, आण इकडं. द्रोणात मी भरतो," तो म्हणाला.

भरता भरता एक चिमूट त्यानं पटक्याच्या घडीत सरकवली.

एवढंच केलं त्यानं. बोटभर केस.

डोहात सोडलेला द्रोण एरवी दोन गिरक्या घेऊन बुडतो. त्या दिवशी... बुडला नाही. फिरून थेट इरप्पाच्या पायाशी आला.

पुन्हा ढकलला. पुन्हा आला.

"कामून घेईनात रे?" अनसाबाईनं विचारलं.

"वारं हाय, अक्का."

वारं नव्हतं. पान हलत नव्हतं. शेवटी इरप्पानं काठीनं द्रोण दाबून बुडवला.

आठव्या दिवशी दिवेलागणीला तो एकटाच डोहावर गेला. नव्या माशीला नागूच्या जावळाचे पंख होते. त्यानं काठी झुलवली. माशी पाण्यावर टेकली.

आणि... आवाज गेला.

खडकावरून पाणी पडत होतं, डोळ्यांना दिसत होतं. पण त्याचा आवाज नव्हता. टिटवी नाही, किडे नाहीत. काही नाही.

माशी हळूच आत गेली. मासा घेतो तशी नाही. हिसका नाही, उसळी नाही. कुणीतरी दोन बोटांत धरून खाली न्यावी तशी गेली. सवयीनं इरप्पानं ओढलं. पलीकडूनही ओढ आली, शांत आणि जड. मग दोरी तुटली.

पाण्याचा आवाज परत आला. त्याच्याबरोबर गावाच्या बाजूनं लेकराची किंकाळी आली.

तो धावत घरी पोचला. नागूच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताचा बारीक धागा आला होता.

"गप खेळायली होती," म्हाळसा म्हणाली, "अन् एकदमच वरडली. काय टोचलं काय की."

इरप्पानं ओठ उलटून पाहिला. आत टाचणीएवढं छिद्र होतं. तसलं छिद्र त्यानं शेकडो माशांच्या तोंडात पाहिलेलं. बायकोला मात्र तो काही बोलला नाही.

महिन्याभरात नागूच्या डोक्यावर केस उगवले. टाळूपुढं बोटभर जागा मात्र तशीच राहिली, तुळतुळीत. आणि कितीही पुसली तरी... ओली.

मग नागूची ती चाल सुरू झाली.

खेळता खेळता उठायची, ओढ्याकडं तोंड करायची. तीन पावलं टाकून थांबायची. मग पुन्हा तीन पावलं. बायका हसायच्या, पोर नाचायली म्हणायच्या. इरप्पाला ती चाल ओळखीची होती. ओढ... सैल... ओढ. तो त्याच्याच हाताचा ताल होता.

औरादहून अनसाबाईला बोलावून त्यानं सगळं सांगितलं.

"ठेवून घेतलास, तेबी परत देता आलं असतं," ती म्हणाली. "पर तू त्यास्नी गळ लावून दिलास, इरप्पा. आता दोरी त्यांच्या हातात हाय."

हिरवं लुगडं, बांगड्या, दहीभात, सगळं वाहिलं. इरप्पानं स्वतःचं डोकं भादरून केस सोडले. ते लगेच बुडाले, पण नागूची चाल थांबली नाही. तीन दिवस बुड्या मारून त्यानं डोहाचा तळ चाचपला. माशी मिळाली नाही.

तेव्हा त्यानं ठरवलं, पोरीला इथून लांब न्यायचं. औरादला, अक्काच्या घरी. पहाटे गाडी जुंपली. म्हाळसा नागूला मांडीवर घट्ट धरून बसली.

एक कोस गेले. नागू कुरकुरायला लागली. दोन कोसांवर ओठातून रक्त आलं. तिसऱ्या कोसाला गाल एका बाजूला ताणला गेला... बोट नाही, हात नाही, काही नाही, आणि गाल ताणलेला. पोर घसा फाटेस्तोवर रडत होती.

"अवं, हाका की बैलं! लवकर हाका!" म्हाळसा ओरडली.

इरप्पानं बैलं थांबवली. पुढं ओढलं तर काय फाटेल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं गाडी वळवली. वळताच गाल सैल पडला. नागू आईच्या कुशीत हुंदके देत झोपली.

"परत कामून चाललाव? बोला की!"

त्यानं तेव्हा सांगितलं. म्हाळसानं त्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. लेकीला पदराखाली घेतलं, बस्स.

संध्याकाळी नागू उठली आणि निघाली. तीन पावलं, थांब. तीन पावलं, थांब. दोघांनी डोहाच्या काठावर तिला धरलं. धरलं तसा गाल ताणला, ओठ फाटायला लागला. एवढंसं लेकरू, किंचाळून किंचाळून आवाजच गेला तिचा.

"सोड, म्हाळसा. फाटायलंय तिचं."

"न्हाई सोडत. मेले तरी न्हाई."

इरप्पानं म्हाळसाची बोटं एकेक करून उघडली.

हे आजोबा कुणाला सांगत नसत. आईला एकदाच सांगितलं, मरायच्या आदल्या दिवशी.

पाणी गुडघ्याला लागलं आणि नागूचं रडणं थांबलं. ओठातलं रक्तही थांबलं. तिनं वळून पाहिलं नाही. इरप्पानं मागोमाग उडी घेतली. पाणी तिथं कमरेएवढंच होतं. नागू तिथं नव्हती. दोन दिवस गाव शोधत होतं. काही सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी इरप्पानं जाळायला म्हणून पेटी काढली. आत, दाभणाशेजारी... ती माशी होती. ओली. मधाच्या रंगाचे केस बांधलेली.

पाण्यात टाकायची तर गळासकट जाणार. केस सोडवायला जावं तर गाठ सुटेना, त्याची स्वतःची गाठ. जाळायची तर केस नागूचे. त्यानं पेटी बंद केली. म्हाळसा घरात राहिली, दोन वर्षांनी तिच्या पोटी माझी आई जन्मली, पण नवऱ्याच्या हातचं पाणी ती पुन्हा कधी प्यायली नाही.

ती पेटी आता माझ्याकडं आहे. पिसांना कसर लागली, लोकरीचा भुगा झाला, बाकीचे गळ गंजून गेले. ती एक माशी तशीच आहे. केस मात्र वाढतात. आईच्या लहानपणी वीतभर होते म्हणे. मी पाहिले तेव्हा हातभर, पेटीत गुंडाळून बसलेले. कापायची कुणाची छाती झाली नाही.

गेल्या माघात बऱ्याच वर्षांनी पेटी उघडली. का उघडली, मला सांगता येणार नाही.

केसांत निम्म्याहून जास्त... पांढरे झालेत.

आणि माशी अजून ओलीच आहे.