दाराच्या दोन बाजू

"अठ्ठावीस पूर्णांक चार," असं म्हणून धावणं शिकवणाऱ्या शिट्टीसरांनी घड्याळ खिशात टाकलं. "शिबिराच्या पहिल्या आठवड्यात सव्वीस नऊ होती तुझी वेळ. सुट्टी लागली की अंगात आळस शिरतो, दुसरं काय."

दोनशे मीटर धावून ताई गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. रविवारी संघाची निवड होती. साडेसत्तावीसच्या आत आली तर संघात, नाहीतर घरी. आणि तिच्या वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष होतं.

कुंपणावर बसलेल्या तिच्या धाकट्या भावाचे कान लाल झाले. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.

"आळस? ताई पहाटे पाचला उठते," तो कुजबुजला.

"ऐकलं मी," मैदानाच्या मधूनच शिट्टीसर म्हणाले.

भोंग्याशेजारी मोजपट्टी बसली होती. या मुलीच्या खिशात रुमाल नसेल, पण मोजायची फीत असणारच. तिच्या मागे तिची सहा वर्षांची बहीण, शेपूट. मोजपट्टी जाईल तिथे ही जाणार, म्हणून शेपूट.

"काल रात्री ताई रडत होती," भोंगा म्हणाला, आणि या वेळी मात्र त्याचा आवाज खरोखर लहान झाला. "म्हणाली, मला येतंच नाही आता."

मोजपट्टीने वही उघडली. "चल, तुला एक गंमत दाखवते. खरं तर गंमत नाहीये ती."

सामानखोलीच्या भिंतीवर पोरांचा एक खेळ चालायचा. बोटांना खडू लावायचा, हात वर ताणून एक खूण करायची, मग जागेवरूनच उंच उडी मारून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. शिबिरातली आठही मुलं रोज सकाळी मारायची आणि मोजपट्टी वहीत लिहून ठेवायची.

"ताई पहिल्या दिवशी सेहेचाळीस सेंटिमीटर. आज एकोणचाळीस. बाकीच्यांचंही तेच, रोज थोडंथोडं खाली. फक्त गप्पीदादा बघ."

गप्पीदादा चार दिवस मामाकडे गेला होता. तिथे त्याने खाल्लं, लोळला, आणि आल्याबरोबर लोखंडसरांच्या शिव्या खाल्ल्या. लोखंडसर म्हणजे संध्याकाळी वजनं उचलायला शिकवणारे सर.

"तो परत आला तेव्हा त्याची उडी चार सेंटिमीटरने वाढली होती," मोजपट्टी म्हणाली. "शिबिरात असणारे खाली आणि पळून जाणारा वर. असं कसं?"

तेवढ्यात शेपूट म्हणाली, "याच्या मागेपण कागद आहे."

ती सामानखोलीच्या दाराला लोंबकळून झोके घेत होती. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. बाहेरून शिट्टीसरांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, ते तर सगळ्यांना पाठ होतं. पण आतल्या बाजूलाही एक कागद होता, लोखंडसरांचा. दार बंद असलं की तो आत जायचा, आणि संध्याकाळी दार सताड उघडलं की शिट्टीसरांचा कागद भिंतीला चिकटायचा. दोन्ही एकदम कधी कुणाला दिसलेच नव्हते.

मोजपट्टीने दार अर्धवट धरलं आणि ती दोन्हीकडून वाचू लागली. बुधवारी सकाळी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून बारा वेळा वर धावणं. बुधवारीच संध्याकाळी खांद्यावर जड दांडा घेऊन बैठका. शिट्टीसरांची सुट्टी सोमवारी, लोखंडसरांची शुक्रवारी.

"म्हणजे सुट्टीच नाही," भोंगा म्हणाला. "सोमवारी लोखंड, शुक्रवारी शिट्टी. तीन आठवडे झाले."

मैदानाची देखभाल करणारे काका पाण्याची नळी ओढत तिथून चालले होते. "ते दोघं बोलतात कुठे एकमेकांशी?" ते म्हणाले. "शिबिर सुरू झालं तेव्हा या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार, यावरून वाजलंय त्यांचं. चांगले जिवलग मित्र होते. आता मी दोघांचे निरोप पोचवतो."

"मग आपण सांगूया सरांना," भोंगा म्हणाला.

"सांगितलं तर म्हणतील, लहान तोंडी मोठा घास. त्यांना करूनच बघू दे," मोजपट्टी म्हणाली.

ती सरळ शिट्टीसरांकडे गेली. "सर, उद्याचा पूर्ण दिवसाचा सराव तुम्ही शिबिरातल्या मुलांबरोबर कराल? सकाळ आणि संध्याकाळ? लोखंडसर करणार आहेत."

शिट्टीसरांच्या भुवया वर गेल्या. "तो करणार? मग मी दोनदा करीन."

दहा मिनिटांनी लोखंडसरांना तिने तेच सांगितलं, फक्त सरांचं नाव बदलून. शिट्टीसरांना सांगितलं तेव्हा ते खोटं होतं. लोखंडसर "बघतोच" म्हणाले आणि ते खरं झालं.

बुधवारचा तो दिवस पोरं जन्मात विसरणार नाहीत. दोन्ही सरांनी आधी भिंतीवर उड्या मारल्या, मोजपट्टीने वहीत आकडे लिहून घेतले. मग बारा वेळा पायऱ्या. सातव्या वेळी लोखंडसर कठड्याला धरून आकाशाकडे बघत राहिले. संध्याकाळी बैठकांना शिट्टीसर खाली गेले ते वर यायला बराच वेळ लागला. एकमेकांशी बोलले नाहीत, पण एकमेकांवरची नजरही हटवली नाही.

गुरुवारी सकाळी शिट्टीसर पायऱ्या उलटे उतरले, कठडा धरून, एकेक. लोखंडसर स्टुलावर बसायला निघाले आणि अर्ध्यातच अडकले. शेपटीने त्यांच्याखाली स्टूल सरकवलं.

"सर, आता परत उडी," मोजपट्टी फीत काढून म्हणाली.

शिट्टीसर नऊ सेंटिमीटरने खाली, लोखंडसर सातने.

"हे एका दिवसात," ती म्हणाली. "ताईचं तीन आठवडे चाललंय. आता तुम्ही दोघं दारापाशी या, आपापल्या कागदासमोर. हं. आता जागा बदला."

दोघांनी पाय ओढत जागा बदलल्या. वाचायला फार वेळ लागला नाही.

"बुधवारी तू जड बैठका घेतोस?" शिट्टीसर दाराच्या पलीकडे बघून म्हणाले. तीन आठवड्यांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"मला काय माहीत, सकाळी तू त्यांचे पाय संपवतोस म्हणून."

"स्नायू सरावाने दमतात आणि विश्रांतीत बळकट होतात. आपणच शिकवतो ना रे हे?"

"शिकवतो," लोखंडसर मान खाली घालून म्हणाले. "निवडीच्या आठवड्यात तर भार कमी करायचा असतो."

शिट्टीसर लंगडत ताईकडे गेले. "तुला आळशी म्हणालो. चुकलं माझं. आजपासून शनिवारपर्यंत फक्त चालायचं, अंग मोकळं करायचं, जेवायचं आणि झोपायचं."

"झोपून कोण जिंकतं, सर?" ताई घाबरून म्हणाली.

"गप्पीदादा," भोंगा ओरडला, आणि सगळं मैदान हसलं.

रविवारी ताई सुटली तेव्हा भोंग्याने डोळेच मिटून घेतले. मोजपट्टीने त्याचा हात गच्च धरला होता. घड्याळ थांबलं. शिट्टीसरांनी ते आधी स्वतः पाहिलं, मग लोखंडसरांना दाखवलं, आणि मग मोठ्याने वाचलं, "सव्वीस सात."

संघाच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं. ताईने धावत येऊन तिघांना एकदम मिठी मारली. शेपूट मधे चेंगरली आणि "मला श्वास घेऊ द्या" म्हणून कुरकुरली.

"या पोरांनी जे पाहिलं ते आम्हा दोघांना तीन आठवडे दिसलं नाही," लोखंडसर सगळ्यांसमोर म्हणाले. "शाब्बास."

सोमवारी दारावर बाहेरच्या बाजूला एकच कागद होता, दोघांच्या हस्ताक्षरात लिहिलेला, आणि सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी. शिट्टीसरांनी खडूची नवी पेटी मोजपट्टीच्या हातात ठेवली.

"रोज सकाळी आधी तू मोजायचंस," ते म्हणाले. "मग आम्ही दोघं बसून ठरवू, किती पळवायचं ते."

"आणि किल्ली?" भोंग्याने कुजबुजत विचारलं.

दोन्ही सरांनी एकदमच मैदानकाकांकडे बोट दाखवलं.