कंदीलवाल्याची विहीर

"विश्वासघात हा खुनापेक्षा भयंकर गुन्हा आहे. खुनात माणूस एकदाच मरतो. विश्वासघातात तो रोज सकाळी उठतो, दात घासतो आणि पुन्हा मरतो."

सत्यजीत सोमण यांनी हे वाक्य वेणूताई कर्णिकांच्या कचेरीत उभं राहून उच्चारलं. मग ते बसले आणि त्यांनी गुन्हा सांगितला. एका व्हिडिओ गेममध्ये विहिरीत उडी कशी मारायची, हे कुणीतरी फोडलं होतं.

वेणूताई पनवेलमधल्या एकमेव खासगी गुप्तहेर. कचेरी एसटी स्टँडसमोर, पिठाच्या गिरणीच्या वर. मुलीकडच्यांसाठी मुलाची चौकशी करणं, हा मुख्य धंदा. गिरणी चालू असली की अशिलाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे, आणि दुसऱ्यांदा सांगताना माणूस सहसा खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव होता.

मदतीला प्राध्यापक तुळशीराम भोपी. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अत्यंत शुद्ध पद्धतीने चुकीच्या निष्कर्षापर्यंत पोचणं, ही त्यांची हातोटी. वेणूताईंना त्याचा फार उपयोग होई. कुठल्या वाटेने जायचं नाही, हे लवकर कळे.

"सुरुवातीपासून सांगा," वेणूताई म्हणाल्या.

"सुरुवातीपासून म्हणजे सत्त्याऐंशीपासून?"

सोमण बँकेत अधिकारी होते. वय तेहेतीस, कपाळ मोठं होत चाललेलं. पण सत्त्याऐंशी म्हणताना चेहरा एकदम कॉलेजातला झाला.

"मामांनी मस्कतहून हातातला गेम आणला होता. दोन बटणं. वरून नारळ पडतात, खाली टोपली धरायची. आमच्या घरात तेव्हा सगळ्यात महाग वस्तू तीच, आजोबांच्या चष्म्यासकट. मग इथे स्टँडमागे पार्लर निघालं. नाणं टाकायचं आणि विमान उडवायचं. तिथे सायमन भेटला. मी खेळायचो, तो मागे उभा राहून 'डावीकडे, डावीकडे' करायचा. अजून करतो." सोमण थांबले. "करायचा."

"सायमन कोण?"

"सायमन वाकरूळकर. रसायनीला कारखान्यात केमिस्ट आहे. आम्ही दोघांनी मिळून टीव्हीला जोडायचं मशीन घेतलं. रणगाडा खेळून झाला, बदकं झाली, दोन फौजी झाले. पण जिवाचा गेम विचाराल तर कंदीलवाला. कॅसेटवर लिहिलंय 'नऊशे नव्याण्णव गेम'. आत सहा आहेत. पाच कुठेही मिळतात. सहावा कंदीलवाला."

"गेमचं खरं नाव?"

"जपानीत आहे. कोण वाचणार? एक माणूस, हातात कंदील, किल्ल्यात शिरतो. एवढंच. पण ते संगीत सुरू झालं ना, की मला बँकही लागलेली नसते आणि पाठही दुखत नसते."

तुळशीराम सरांनी खाकरून दाद दिली.

"चौथ्या दरवाज्यापाशी आम्ही काही वर्षं अडकलो होतो. एका रविवारी माझा अंगठा घसरला, कंदील विझला आणि माणूस विहिरीत पडला. मरायच्या ऐवजी खाली बाग लागली! आम्ही दोघं ओरडलो. मग ठरवलं, हे कुणालाही सांगायचं नाही. जगात फक्त आपल्या दोघांना माहीत."

"आणि?"

"गेल्या महिन्यात जिन्यात शेजारची सई भेटली. नऊ वर्षांची आहे. म्हणाली, 'काका, विहिरीत उडी मारताना आधी कंदील विझवायचा असतो, माहितीये?'"

नेमकी तेव्हा खाली गिरणी थांबली. शांतता प्रसंगाला शोभून दिसली.

"मी सायमनला म्हटलं, तूच फोडलंस. तो काही बोलला नाही. मशीनमधून कॅसेट काढली आणि निघून गेला. तेव्हापासून मशीन माझ्याकडे, कॅसेट त्याच्याकडे. आणि येत्या सोमवारी तो बायकामुलांसकट इस्राएलला जातोय. कायमचा. त्याआधी मला पुरावा हवाय."

"कशासाठी?"

"तो निर्दोष असेल तर माफी मागायला."

"आणि दोषी असेल तर?"

सोमणांनी बराच विचार केला. "तेवढं नाही ठरवलेलं," ते म्हणाले.

सोमण गेल्यावर तुळशीराम सरांनी प्रकरण मिटवलं. "रहस्य दोघांनाच ठाऊक. सोमणांनी ते फोडलं नाही. म्हणून सायमनने फोडलं. निर्दोष अनुमान."

"अनुमान निर्दोषच आहे, सर. पण रहस्य दोघांनाच ठाऊक होतं, हे कोण म्हणालं?"

"सोमण."

"चला, चप्पल घाला."

सोमणांची सोसायटी वडाळे तळ्याच्या काठाला, दोन मजली. सोमण पहिल्या मजल्यावर. दार त्यांच्या पत्नीने, रुचिराने उघडलं.

"मी फोडलं असेल, असं वाटतंय का तुम्हाला?" रुचिरा म्हणाली. "अहो, मला तो गेम बघवत नाही. रविवारी दुपारी दोघं दार-खिडक्या लावून बसायचे. जणू नोटा छापतायत. मी पोहे दिले की गेम तिथल्या तिथे थांबवायचे. मग पोहे, मग गप्पा, मग ऑफिसातल्यांना शिव्या. तोवर तो कंदीलवाला पडद्यावर पाय उचलून तसाच. मलाच त्याची दया यायची."

"आणि आता रविवारी?"

"आता हे दिवसभर पेपर वाचतात. तोच पेपर." तिने आवाज खाली आणला. "लवकर काहीतरी करा हो. भांडण चालेल मला, पण हा घरातला पेपर नको."

सई जिन्यात ठिकऱ्या खेळत होती. वेणूताई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"विहिरीची गंमत तुला कुठे कळली गं?"

"गोष्टीत."

"कुणाच्या गोष्टीत?"

"बापूरावच्या," सई म्हणाली आणि पुढच्या घरात उडी मारून मोकळी झाली.

तुळशीराम सर ताठ झाले. तळ्याला वळसा घालून बाजारात पोचेपर्यंत त्यांनी पनवेल तालुक्यातले आठवतील तेवढे बापूराव मोजले, आणि त्यातला पळस्पे फाट्यावरचा टायरवाला त्यांना सगळ्यात जास्त संशयास्पद वाटला.

टीव्ही दुरुस्त करणारा काशिराम मढवी कोन गावाहून येऊन बाजारात दुकान चालवायचा. सोमणांचं मशीन उघडणारा बाहेरचा माणूस तो एकटाच.

"आमी गेम बघत नाय, ताई. आमी वायरी बघतो," काशिराम म्हणाला.

"शेवटचं काम कधी केलंत त्यांच्याकडे?"

"पावसाल्यात. गेमचा आन् अँटेनाचा खटका असतो ना डबीत, तो ढिला झालेला. डबीच काढून टाकली. आता डायरेक हाय. खटका फिरवायची कटकट नाय. सायेब खूश."

"त्याच सोसायटीत आणखी कुणाचं काम?"

"वरच्या आजींचा. वादळान अँटेना पडली त्यांची. ती पण करून दिली."

"नवी बसवलीत?"

"करून दिली," काशिराम म्हणाला, आणि एकाएकी त्याला सोल्डरिंगच्या तापलेल्या कव्हियाकडे लक्ष देणं फार गरजेचं झालं.

वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणजे वसुंधराबाई ओक. एकट्या राहायच्या. खोलीत पलंग, तुळशीची कुंडी आणि कृष्णधवल टीव्ही. टीव्हीवर विणलेला रुमाल.

"खालच्या दोघांचं भांडण झालंय, ठाऊक आहे ना?" वेणूताईंनी विचारलं.

"भांडू देत. पुरुषांना निवृत्त होईपर्यंत काहीतरी हवं ना. मला नाही बाई वेळ. रविवारी दुपारी मी पुरस्कारवाले सिनेमे बघते, दूरदर्शनवर लागतात ते."

"उत्तम!" तुळशीराम सर म्हणाले. "मीही सोडत नाही. समजतात?"

"न समजायला काय झालं? नट मेला एक शब्द बोलत नाही. खाली अक्षरं येतात, ती वाचता येत नाहीत. पण कष्टाचा जीव आहे, ते कळतं. चालतो, पडतो, पुन्हा उठतो. मध्येच पुष्कळ वेळ नुसता उभा राहतो. पापणी हलेल तर शपथ! मी तेवढ्यात भांडी घासून येते."

"त्याला आशयघन म्हणतात," सर म्हणाले.

"असेल. पण महिना झाला, भलतेच सिनेमे लावतात. माणसं बोलतात त्यात. तुमची ओळख असेल तर दूरदर्शनला कळवा."

सरांनी कळवायचं कबूल केलं. वेणूताई खिडकीशी उभ्या होत्या. टीव्हीची चपटी वायर गच्चीकडे जायच्या ऐवजी खिडकीतून खाली गेली होती, त्या वायरकडे त्या बघत होत्या.

सायमनच्या घरी ट्रंका भरून झाल्या होत्या. भिंतींवर चौकटींच्या जागा तेवढ्या उरल्या होत्या. तो जमिनीवर बसून दोरी आवळत होता.

"तुम्ही कुणाला सांगितलंत?" वेणूताईंनी विचारलं.

"नाही."

"मग सोमणांना तसं का नाही सांगितलं?"

"त्याने मला विचारलं नाही, ताई. त्याने मला सांगितलं. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं."

सायमनची बायको आदिना खोबरं खवत होती. "रविवारी मलिदा आहे," ती म्हणाली. "आम्हा ज्यूंमध्ये मोठ्या प्रवासाआधी करतात. गोड पोहे असतात. सगळ्या पनवेलला बोलावणं गेलंय. सत्यजीतभावजींना निरोप द्यायचा का विचारलं, तर म्हणतो दे. मी दारात पोचले तर म्हणतो नको. आणि ती कॅसेट! सकाळी ट्रंकेत, संध्याकाळी बाहेर. विमानात काय सांगायचं, सामान किती आहे ते?"

सायमनने दोरी उगाचच आणखी आवळली.

"रविवारी मलिदा झाला की कॅसेट घेऊन वसुंधराबाईंकडे या," वेणूताई म्हणाल्या. "दोघंही."

रविवारी दुपारी वसुंधराबाईंच्या खोलीत पलंगाच्या एका टोकाला सोमण, दुसऱ्या टोकाला सायमन, आणि मध्ये दोघांच्या बायका, अशी व्यवस्था झाली. सई खाली पसरली होती. तुळशीराम सरांना वेणूताईंनी कॅसेट देऊन खाली सोमणांच्या घरी पाठवलं. 'मशीन चालू करा आणि जमेल तसं खेळा,' एवढीच सूचना.

"सईने मला सांगितलं, विहिरीची गंमत बापूरावच्या गोष्टीत होती," वेणूताईंनी सुरुवात केली. "सर बापूराव नावाचा इसम शोधत बसले. मला वाटलं, नऊ वर्षांची मुलगी 'कुणाच्या गोष्टीत' याचं उत्तर देताना नायकाचंच नाव सांगणार. म्हणजे या कंदीलवाल्यालाच कुणीतरी बापूराव म्हणत होतं. तुम्ही दोघं इतकी वर्षं त्याला काय म्हणता?"

"कंदीलवाला," दोघं एकदम म्हणाले.

"सायमननी फोडलं असतं, तर पोरीच्या तोंडी कंदीलवाला आला असता. सोमणांनी किंवा रुचिराने झोपेत बरळलं असतं, तरी कंदीलवालाच. सांगणाऱ्याने तो माणूस पाहिला होता, पण त्याच्याबद्दल कुणाकडूनही ऐकलं नव्हतं. नाव नव्हतं, म्हणून ठेवलं."

"पण दार-खिडक्या बंद असायच्या!" सोमण म्हणाले.

"गोष्ट दारातून गेलीच नाही. काशिरामने तुमची खटक्याची डबी काढली आणि गेमची वायर अँटेनाच्या वायरीला थेट पिळली. वरची अँटेना पडल्यावर नवी न आणता आजींची वायरही तिथेच जोडली. 'करून दिली' म्हणाला, 'बसवली' म्हणाला नाही. तुमचा गेम आणि दूरदर्शन एकाच चॅनेलवर येतात. तुम्ही मशीन चालू केलं की दोन्ही घरांत दूरदर्शन पुसलं जायचं."

सगळ्यांनी वसुंधराबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"आजींचा पुरस्कारवाला नट बोलत नाही. पडतो, उठतो. रुचिराचे पोहे आले की पुष्कळ वेळ उभा राहतो. आणि भांडण होऊन गेम बंद पडला, त्याच महिन्यात दूरदर्शनने त्याचे सिनेमे बंद केले. इतका योगायोग मी लग्नाच्या चौकशीतही मान्य करत नाही. आजी, टीव्ही लावा."

कृष्णधवल पडदा उजळला. मराठी सिनेमातली एक बाई ताट वाढत होती. खालून सरांनी बटण दाबलं असावं, कारण बाई ताटासकट पुसली गेली आणि किल्ल्याच्या दारात एक छोटा माणूस कंदील घेऊन उभा राहिला.

"लागला!" वसुंधराबाई टाळी वाजवून म्हणाल्या.

"बापूराव!" सई उठून बसली.

माणूस चार पावलं चालला, भिंतीवर आपटला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

"पण नट बदलला वाटतं," वसुंधराबाई म्हणाल्या. "हा अगदीच गबाळा आहे. आधीचा कसा, विहिरीपाशी थांबायचा, कंदील विझवायचा, मग उडी. माझा थोरला भाऊ बापू रेल्वेत होता. असाच कंदील घेऊन रुळांवरून जायचा, आणि असाच बोलायचा नाही. संध्याकाळी मुलांना सांगते हो गोष्ट. काही चुकलं का?"

पडद्यावर माणूस दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडला.

"सायमन," सोमण म्हणाले, "मी त्या दिवशी..."

"विचार."

"काय?"

"त्या दिवशी विचारायला हवं होतंस ते. आत्ता विचार."

सोमण त्याच्याकडे वळले. "तू सांगितलंस का रे?"

"नाही."

"बरं."

"बरं काय? ऊठ. तो भोपी सर आपला माणूस मारतोय खाली."

दोघं जिना उतरून गेले. थोड्याच वेळात सर वर आले, विजयी नसलेले. पडद्यावरचा माणूस एकदम सरळ चालू लागला. खड्डे ओलांडले, दरवाजे उघडले. खालून 'डावीकडे, डावीकडे' असं ओरडणं जिन्यातून वर येत होतं. आदिनाने मलिद्याचा डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला.

चौथ्या दरवाज्यापाशी माणूस थांबला. कंदील जळत होता, एक पाय उचललेला. तो तसाच राहिला. खालचं ओरडणंही थांबलं.

"बिघडलं का?" तुळशीराम सरांनी विचारलं.

"गप्पा मारतायत," रुचिरा म्हणाली.

वसुंधराबाईंची भांडी घासायची राहिली होती, पण त्या उठल्या नाहीत. ऊन उतरून तळ्यावर गेलं, तरी माणूस उभाच होता. मग त्याने कंदील विझवला आणि उडी मारली.

सोमवारी सायमन गेला. कॅसेट मशीनमध्येच राहिली. काशिराम आजींना नवी अँटेना बसवून द्यायला आला होता. त्यांनी त्याला चहा देऊन परत पाठवलं.

महिन्याभराने सोमणांकडे इस्राएलहून फोन आला. घर मिळालं होतं, थंडी बरी होती. सायमनच्या मेहुण्याचा मुलगा नोम सहा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे कंदीलवाला होता. डबाबंद, दुकानातून पावतीवर घेतलेला. अशा डब्यात गेमसोबत माहितीचं पुस्तक येतं, हे सायमनला तिथे कळलं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर विहीर होती, बाणासकट.