बाबलीकाकांच्या गाडीचं डावं दार

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका. यातली बाई माझी सख्खी मावशी आहे आणि तिचं नाव मी बदललेलं नाही. बदलून काय उपयोग? ज्याला ती सापडायची होती, त्याला सापडली.

गाव मसुरे, तालुका मालवण. गेल्या वर्षी आंगणेवाडीची जत्रा आटोपली, त्यानंतरची गोष्ट. वेळ तिन्हीसांजेची.

मावशीचे यजमान बाबलीकाका. त्यांच्याकडे जुनी हेराल्ड मोटार होती. दोन दारांची, उघड्या टपाची. कापडी टप मागे दुमडला की वर थेट आभाळ. काकांनी ती तरुणपणी घेतली आणि कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. पंचक्रोशीत तसली दुसरी गाडी नव्हती.

तसला दुसरा नवराही नव्हता. कारण काकांनी सुगंधामावशीला पुढच्या सीटवर कधी बसवलं नाही.

एकदाही नाही.

पुढची डावी सीट वाकवायची, मावशीने साडी सावरत मागे शिरायचं, सीट पुन्हा सरळ करायची. ती तशीच रिकामी. गावाने थट्टा करून घेतली. "बाबल्याची बायल म्हंजे राणी, डायवराच्या पाठी बसता!" मावशी हसायची, पण तिला लागायचं. "एकदा पुढे बसान दर्यो बघूचो आसा," एवढंच ती म्हणायची.

दहा-अकरा वर्षांपूर्वी काका एकटेच तोंडवलीच्या समुद्रावर निघाले आणि वाटेतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लोकांनी काकांना दवाखान्यात हलवलं आणि गाडी ढकलत घरी आणून मांगरात लावली. घरामागचा मांगर म्हणजे नारळाची सोडणं, जळणाची फाटी आणि मोडकी अवजारं टाकायची जागा. तिथे ती पडली ती पडलीच.

माझा मावसभाऊ देवेश पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याला धड स्टेपनी बदलता येत नव्हती. पण काकांच्या सेवेसाठी घरून काम मागून तो गावी आला आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पठ्ठ्या गाडी दुरुस्त करायला बसला. आईला एकदा पुढे बसवून समुद्रावर न्यायचं. सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

त्याने कार्बोरेटर खोलला, पुन्हा जोडला, तर दोन स्क्रू हातात उरले. मावशी म्हणाली, "जास्तीचे आसतले."

अशी हसत-खेळत सुरुवात झाली.

मग त्याच्या एकेक गोष्ट लक्षात यायला लागली...

खाऱ्या हवेने गाडीचा पत्रा न् पत्रा खाल्ला होता. बॉनेट उघडायला पहार लागली. उजव्या दाराला त्याने लाथा घातल्या, तेव्हा ते हललं.

डावं दार मात्र एका बोटाने उघडलं. कोणी रोज तेल घालत असावं तसं.

आत सगळीकडे बोटभर धूळ होती. स्टिअरिंगवर धूळ, मागच्या सीटवर धूळ, उंदरांच्या लेंड्या.

पुढच्या डाव्या सीटवर काहीच नव्हतं...

ना धूळ, ना कोळिष्टक. मधोमध थोडी दबलेली.

गाडी डावीकडे कलायची. देवेशने नवी स्प्रिंग बसवली. सकाळी पाहिलं तर पुन्हा कललेली. आपण नवशिके, आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्याने धरलं. घरातली मांजर मांगराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि पाठ फुगवून परत जायची. तेही त्याने मनावर घेतलं नाही.

काका मात्र बदलत चालले होते. पडवीतल्या खाटेवरून त्यांना मांगर दिसायचा. देवेशने हातात पाना घेतला की काकांचा डावा हात हलायचा. बोटं वाकवून आत ओढायची, मग हात बाहेर लोटायचा. आत ओढायचा, बाहेर लोटायचा. डोळ्यांतून पाणी.

"गिअर टाकतत बघ!" मावशी कौतुकाने म्हणायची. "गाडी चलवूची हौस काय जाता?"

सगळे हसायचे. देवेशला तर आणखी हुरूप चढायचा.

पुढच्या दोन्ही सीटा काढून त्याने कणकवलीला नवीन कव्हर घालायला दिल्या. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा सरळ उभी राहिली.

संध्याकाळी काका झोपेनात. त्यांच्या खाटेशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची असायची, मावशी त्यांना भरवायला बसायची ती. काका त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते... आणि हात चालला होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

खुर्ची करकरली...

वाऱ्याने, देवेश म्हणाला. त्या संध्याकाळी झावळीचं पातंही हलत नव्हतं.

सीटा परत आल्या, त्याने त्या बसवल्या आणि गाडी पुन्हा डावीकडे कलली. खुर्चीचं करकरणं थांबलं.

अखेर इंजिन लागलं. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. ऊन उतरल्यावर निघायचं ठरलं. काकांपाशी शेजारच्या हौसाबाई बसल्या. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसून केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. सवयीने ती सीट वाकवून मागे शिरायला लागली.

"पाठी कित्याक, आये? पुढे बस!"

मावशी लहान पोरीसारखी लाजली. बसली.

"थंड लागता रे सीट," ती म्हणाली. "कोण भिजान बसललो काय हय?"

पडवीत काका खाटेवर डावा हात आपटत होते. हौसाबाई ओरडून म्हणाल्या, "म्हातारो खुशीत आसा! जावा तुमी!"

रस्ता मोकळा होता. मावशीचे केस उडत होते, ती एका हाताने ते मागे सारत होती आणि हसत होती. देवेश मला सांगतो, आईला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

व्हाळावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, आली.

"हय तुझे बाबा थांबायचे," मावशी म्हणाली.

"कित्याक?"

"काय म्हायत! बसल्या जाग्यावरसून वाकान ह्या दार उघडायचे. वायच थांबायचे. मगे लावायचे. मी विचारलंय तर म्हणायचे, वारो येवंदे. आता उघड्या गाडयेत वारो येवक दार कित्याक होया?"

देवेश हसला. गाडी मोरी ओलांडून गेली.

"मगे तोंडवलीक सुरूच्या झाडांत परत उघडायचे. परत लावायचे. मगेच आमका दर्यो दाखवायचे."

देवेशचं हसू थांबलं.

काकांना झटका आला तो या मोरीच्या पुढे आणि तोंडवलीच्या अलीकडे. मोरीवर दार उघडायचं, ते कोणाला तरी चढवायला. सुरूत उघडायचं, ते त्याला उतरवायला. त्या दिवशी चढवलं होतं... उतरवलं नव्हतं.

आणि लोकांनी गाडी तशीच घरी आणली होती.

त्याला आईला हाक मारायची होती, पण त्याआधी दुसरंच काहीतरी जाणवलं.

गाडी सरळ चालली होती...

इतके दिवस डावीकडे कलणारी गाडी. आता तर तिथे आई बसली होती. उलट जास्त कलायला हवी होती. पण गाडीत जणू दोघांचंच वजन होतं.

त्याने शेजारी पाहिलं. मावशीचे केस उडून तोंडावर येत होते, डोळ्यांत जात होते. ती ते सारत नव्हती. डोळेही मिटत नव्हती.

"आये?"

"आये गो!"

सुरूची झाडं आली. त्याने ब्रेक दाबला, वाकला, डाव्या हाताने दाराचा खटका आत ओढला आणि दार बाहेर लोटलं. आत ओढलं, बाहेर लोटलं...

तेव्हा त्याला कळलं, बाबा गिअर टाकत नव्हते.

"उतर," तो कसाबसा म्हणाला. "तुझी जागा इली. उतर."

मावशीने मान वळवली. आवाज तिचाच होता. देवेश म्हणतो, आवाज दुसऱ्या कोणाचा असता तर परवडलं असतं.

"उतरतंय. पण हिका वांगडा घेवन." म्हणजे आईला सोबत घेऊनच.

आणि तिने एक पाय बाहेर टाकला. समोर समुद्र होता. पुढच्या सीटवरून जो बघायला ती जन्मभर थांबली, तो समुद्र. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती झाडांच्या आत, काळोखाकडे बघत होती.

देवेशने तिचं मनगट धरलं. बर्फ. जिवाच्या आकांताने त्याने तिला आत ओढलं आणि दार लावलं.

स्वतःच्या हाताने लावलं. नाहीतर आई गेली असती.

घरी आल्यावर मावशी सरळ काकांपाशी गेली आणि खुर्चीवर बसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, आणि तो हात उठला, तिच्या दिशेने. आत ओढला, बाहेर लोटला.

त्यानंतर सगळे उपाय झाले. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. देवळात गाऱ्हाणं घातलं. देवेशने दोनदा तिला सुरूत नेऊन दार उघडलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्यानेच दार लावलं. गाडी आता चकाचक आहे. पर्यटक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात.

मावशी स्वयंपाक करते, बोलते, माणसांना ओळखते. काम नसलं की मात्र त्या खुर्चीवर बसते. केस तोंडावर आले तरी सारत नाही.

गणपतीत मी गेले होते. मावशीने घावणे वाढले आणि शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. "बस गो. हय माझ्यावांगडा बस."

मी उभ्यानेच खाल्लं. घाई आहे म्हणाले. घाई कसली होती!

निघताना पडवीत पाहिलं. काकांचा हात पुन्हा उठला होता, मावशीकडे. देवेश खाली बसला, त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबून धरला.

"नाय बाबा," तो हळूच म्हणत होता. "दार नाय उघडूचंय. आये जायत."