वरच्या जाळीचे रूळ

गिऱ्हाईक आलं ते बोलतच आलं. बोलायला त्याने जिन्यातच सुरुवात केली असावी, कारण दार उघडलं तेव्हा वाक्य निम्म्यावर आलं होतं.

"...आणि खिट्टी उघडी ठेवणारा मी? अहो बाई, अर्ध्या शहराच्या डिशवॉशरला या हातांनी रूळ बसवलेत! साबणावरून पाय सरकावा तशी जाळी सरकते!"

"आत या," टाचणीबाई म्हणाल्या. "पाय सरकू देऊ नका."

खाजगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळे टाचणी म्हणत. अंगाने इतक्या बारीक, की भर उन्हात उभ्या राहिल्या तर सावलीला पडायचा संकोच वाटे. शिवाय त्या टोचायच्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्यांचा मदतनीस होता. त्याचं नाव उशी. तो एकदा लिफ्टमध्ये शिरला आणि लिफ्ट थेट तळघरात जाऊन थांबली, असं शेजारी सांगत. त्या इमारतीला तळघर नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"भावोजी, यांना पाणी द्या. आणि तुम्ही हो, पहिल्यापासून सांगा. कोण मेलं?"

रूळवाल्याचं तोंड एकदम उतरलं. "काल सकाळी एका घरी गेलो होतो. डिशवॉशरच्या वरच्या जाळीचे रूळ गंजून अडकले होते. दोन महिने मशीन बंद. मी नवे बसवले. म्हातारी खूश. मी निघालो. दुपारी म्हातारी मशीनसमोर मेलेली सापडली. जाळी फरशीवर, दोन्ही खिट्ट्या उघड्या. फौजदार म्हणतो, तू खिट्ट्या लावायला विसरलास. तिने जाळी ओढली, ती सगळीच हातात आली, म्हातारी मागे पडली आणि ओट्याचा कोपरा डोक्याला लागला. संध्याकाळी ठाण्यात हजर हो म्हणाला, नाहीतर बेड्या घेऊन येतो. बाई, घरी लहान मुलं आहेत माझी. तुरुंगात गेलो तर त्यांना कोण बघणार?"

"खिट्टी म्हणजे काय, ते मला कळेल असं सांगा."

विचारायचाच अवकाश. "जाळीच्या दोन्ही बाजूंना रूळ. रुळाच्या पुढच्या टोकाला खिट्टी. खिट्टी लावलेली असली की जाळी बाहेर येते आणि तिथेच थांबते. उघडली की जाळी सुटते, उचलून टेबलावर नेता येते. जुन्या रुळांना ही सोय नव्हती, स्क्रू घट्ट पिळलेले. आणि एक सांगू? खिट्टी उघडी असेल तर ती पुढे येते आणि मशीनचं दार लागतच नाही! शिवाय रुळांबरोबर पावडरचा पुडा फुकट, लिंबाच्या वासाची. बाजारात अजून आलेली नाही. म्हातारीच्या हातात दिला मी."

"दाराचं फौजदाराला सांगितलंत?"

"तीनदा! तो म्हणाला, किती बोलतोस."

"जास्त बोलणाऱ्याचं हेच होतं," टाचणीबाई पुटपुटल्या. "खरं बोलला तरी ते भुशात जातं. बरं, खिट्टी उघडायची कशी, हे कुणाकुणाला दाखवलंत?"

"म्हातारीला. मुलगा शेजारीच उभा होता, पण फोन कानाला. सून वर झोपली होती, इस्पितळात रात्रपाळीला असते. लेक बाजारात गेली होती, तिची न् माझी गाठच नाही."

*

टाचणीबाई, उशी आणि रूळवाला म्हातारीच्या घरी पोचले तेव्हा फौजदार दारातच उभा होता. टाचणीबाईंना पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"बाई, साधा अपघात आहे हो."

"मग साध्या बाईला बघायला काय हरकत आहे? कशाला हात तर लावला नाहीत ना?"

"प्रेत हलवलं, बास. काल दुपारपासून स्वयंपाकघराला कुलूप आहे."

स्वयंपाकघर लख्ख होतं. इतकं, की तिथे कुणी मेलंय याचीच लाज वाटावी. डिशवॉशरचं दार खाली उघडलेलं. जाळी फरशीवर सरळ बसलेली, तिच्यात पालथे घातलेले जाड पांढरे कप. बाजूला तीन-चार कपांच्या ठिकऱ्या. कपांच्या ओळीत कडेच्या काही जागा रिकाम्या, आणि मधोमध एक.

उशीने एक कप उचलून सुलटा केला आणि ओरडला, "अगं आई गं! बाही भिजली माझी!"

"कशाने?"

"कपाच्या बुडाला खोलगट वाटी असते ना, तिच्यात पाणी साचलं होतं. आमच्या घरीही असंच होतं. तुझी बहीण मलाच ओरडते, नीट निथळून लावत नाही म्हणून."

"ती बरोबरच ओरडते. बाकीच्यांच्या बुडात पाणी आहे?"

उशीने वाकून पाहिलं. वाकणं ही त्याच्या बाबतीत मोठी मोहीम होती. "आहे. सगळ्यांच्या. का?"

बाई पुढे झाल्या. त्या यंत्रात डोकावल्या. दोन्ही रूळ पार आत ढकललेले होते. टोकाच्या खिट्ट्या मात्र उघड्या, टाचा वर केलेल्या चिमणीसारख्या.

मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. ओट्याच्या वर उंच एक आकडा होता आणि त्याला एकच कप टांगलेला. नाजूक, सोनेरी कडेचा. त्यांनी टाचा उंचावल्या, तरी बोटं पोचेनात.

"भावोजी, तो काढा. सांडू नका."

"यात काय सांडणार? कोरडा ठणठणीत आहे."

टाचणीबाईंनी कप नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि परत दिला. "होता तिथे लावा."

*

पहिल्यांदा मुलगा आला. इस्त्रीचा सदरा, लाल डोळे.

"मी वर कामात होतो. पाणी प्यायला खाली आलो तर आई... मीच ओरडलो. ताई गच्चीवरून धावत आली, ही झोपेतून उठून."

"रूळ बसवताना तुम्ही इथेच होतात."

"शरीराने. साहेब फोनवर झापत होता. हा माणूस बडबडत होता, मी मान हलवत होतो. मशीन मीच आणलं हो! आईचा उजवा खांदा गेला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता. रूळ अडकल्यावर तिला जाळी ओढवेना. म्हणून तर नवे घेतले. आणि त्यांनीच तिला..." त्याने यंत्राकडे बोट केलं. "या माणसाला सोडू नका."

"आईंचा सोनेरी कडेचा कप कुठे असतो?"

"कुठला कप?" तो गोंधळला. "असेल कुठेतरी. असलं सगळं ताईला माहीत."

सून जांभई दाबत आली. तिने आव आणला नाही.

"रडू येत नाही, तर येत नाही. सासूबाईंचं न् माझं फारसं नव्हतं. वाईटही नव्हतं. त्या मला पाहुणी समजायच्या, मी त्यांना घरमालकीण."

"डिशवॉशर कोण लावायचं?"

"त्या स्वतःच. मुलाने आणलेलं ना! बंद पडलं तेव्हा दोन महिने ताई हाताने भांडी घासत होत्या आणि सासूबाई मशीनला पुसत होत्या. आजारी माणसाला पुसतात तसं."

"आणि त्यांचा सोनेरी कप?"

"त्याला हात लावायची मला बंदी होती. वरच्या कपाटात असेल."

उशी कुजबुजला, "हिनेच केलंय. बघ ना, डोळ्यांत टिपूस नाही."

"भावोजी, तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही दोन वेळा जेवला होतात."

"तो धक्का होता!"

शेवटी लेक आली. अंगाने उंच, केस कानांजवळ पांढरे झालेले. हात मात्र केसांहूनही म्हातारे, साबणाने खाल्लेले. बसायच्या आधी तिने खुर्ची पदराने पुसली.

"मी बाजारातून आले तेव्हा हा माणूस गेला होता. आईने मशीन लावलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ते नवे रूळ मी पाहिलेही नाहीत."

"तुमच्यावर फारच पडलं असेल, घराचं."

"पडायचं काय त्यात? आईचं कोण करणार होतं?" ती सवयीने हसली. "दोन स्थळं आली होती. दोन्हींना आईने हेच विचारलं."

"तो कप आईंचाच ना?"

तिने वर पाहिलं, आणि तिचा चेहरा क्षणभर मऊ झाला. "हो. तो मशीनमध्ये कधीच जात नाही. सोनेरी कड उडते. तो मीच घासते, हाताने, साध्या साबणाने. काल सकाळी बाजारात जायच्या आधी घासून टांगला, तो तसाच आहे."

"चहा नाही प्यायल्या त्या त्यातून, दिवसभरात?"

"नाही." जरा थांबून, "मला नाही वाटत."

*

टाचणीबाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. फौजदार, मुलगा, सून, लेक, आणि कोपऱ्यात रूळवाला, टोपी पिळत.

"फौजदारसाहेब, काल या यंत्रात कप धुतले गेले. म्हणजे दार लागलं होतं. खिट्टी उघडी असली तर दार लागत नाही, हे यांनी तुम्हाला तीनदा सांगितलं. करून बघा."

फौजदाराने दार लावून पाहिलं. खिट्ट्यांवर आपटून ते परत आलं.

"म्हणजे हा खिट्ट्या लावूनच गेला होता," टाचणीबाई म्हणाल्या. "त्या उघडल्या गेल्या कप धुऊन झाल्यावर."

"मग म्हातारीनेच उघडल्या असतील," फौजदार म्हणाला. "आणि जाळी अंगावर घेतली."

"जाळी पडली असती तर कपांच्या बुडातलं पाणी राहिलं असतं? भावोजींच्या बाहीला विचारा. जाळी पडली नाही. कुणीतरी ती दोन्ही हातांनी, थेंब न सांडता, खाली ठेवली. मग दिखाव्यापुरते चार कप फोडले."

"आई गं," उशी म्हणाला, आणि बाहीकडे आदराने पाहिलं.

"शिवाय जाळी ओढताना माणूस पडलं, तर रूळ बाहेर ताणलेले राहतात. इथे ते आत ढकललेले आहेत. मेलेली बाई रूळ आत ढकलत नाही. तेव्हा आधी म्हातारी पडली आणि नंतर जाळी उतरली. म्हातारीला कुणीतरी ढकललं, आणि दोष या बडबड्याच्या माथी मारला."

मुलगा पुढे झाला. "कुणी?"

"जाळीत एक जागा रिकामी आहे. ठिकऱ्या सगळ्या जाड पांढऱ्या कपांच्या, आणि त्यांच्या जागा कडेला. मधली जागा कुणाची?" त्यांनी आकड्याकडे बोट केलं. "त्या कपाला लिंबाचा वास येतोय. ती पावडर या घरात काल सकाळी आली, ताई बाजारात गेल्यावर. म्हणजे कप काल या यंत्रात धुतला गेला. मग तो वर टांगला कुणी? आईंचा हात तिथे पोचत नव्हता. मुलाला कपच ठाऊक नाही. सुनेला आकडा ठाऊक नाही. आणि खोटा पुरावा मांडायच्या गडबडीत, आईचं प्रेत पायाशी असताना, तिचा कप जाळीतून काढून, पुसून, जागेवर लावणारा हात कुणाचा असेल? इतकी वर्षं तेच करत आलेला. त्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून केलं."

 लेक आपल्या हातांकडे पाहत होती, जणू ते दुसऱ्याचे कुणाचे तरी असावेत.

"मला आठवतही नाही," ती हळू म्हणाली. "टांगल्याचं."

"ताई!" मुलाचा आवाज फाटला.

"मी आले, तर ती लहान मुलीसारखी नाचायची बाकी होती. म्हणे, बघ, एका बोटाने! मला खिट्टी उघडून दाखवली, लावून दाखवली. मग दुपारी दार उघडलं, जाळी ओढली, आणि मध्ये हा कप, सकाळच्या चहानंतर मी घासायला ठेवलेला. म्हणाली, आजपासून माझा कपही यातच. कड उडाली तर उडाली. आता मला कुणाची गरज नाही, तू तुझ्या वाटेला मोकळी." तिने पदराने बोटं पुसली. "कुठली वाट, बाई? वाट होती तेव्हा हिनेच दार लावून घेतलं होतं. मी कपासाठी हात घातला, तिने माझा हात झटकला. आणि मी... जोर नव्हता केला. खरंच. पण ती किती हलकी झाली होती, हे मला माहीत असायला हवं होतं. रोज मीच उठवत होते तिला."

"तेव्हाच गेल्या?" फौजदाराने विचारलं.

"नाही. तिने तुला हाक मारली," ती भावाकडे न बघता म्हणाली. "मग गेली."

मुलगा भिंतीला टेकला. "मी तर तुझेच कष्ट वाचावेत म्हणून मशीन आणलं होतं गं."

"मी म्हणाले होते तुला, वाचव म्हणून?"

 फौजदाराने दाराकडे हात केला. लेक उठली. उठताना तिने खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"तुम्ही सुटलात," टाचणीबाई रूळवाल्याला म्हणाल्या. "घरी जा."

त्याच्या अंगात एकदम जीव आला. "मी म्हणत नव्हतो? माझे रूळ! एकदाही, एकदाही तक्रार नाही..."

दाराशी पोचलेली लेक वळली. आवाजात राग नव्हता.

"फार छान आहेत हो तुमचे रूळ. जरासे अडकत असते, तर तिने मला हाक मारली असती."

रूळवाला पुन्हा टोपी पिळू लागला. फौजदाराने दार धरलं, आणि ती पुढे झाली.