तुम्हाला काय वाटतं?

पहिली भेट धडकेनेच झाली. सरावाच्या खोलीचं दार ढकलून नवा भूलतज्ज्ञ आत घुसला, आणि सिस्टरच्या हातातल्या सलाईनच्या बाटल्या घरंगळत खाटेखाली गेल्या. खाटेवर रबरी पेशंट पडला होता.

"गेला का हो?" त्याने कुजबुजत विचारलं.

"डॉक्टर असे उशिरा आल्यावर जाणारच!"

बाटल्या गोळा करता करता दोघंही हसत सुटले.

मग दर गुरुवारी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट मिळून त्या खोट्या पेशंटसाठी खरा घाम गाळायचे. नंतर खुर्च्या गोलात मांडून सिस्टर चर्चा घ्यायची. काय घडलं, कोणाला काय वाटलं... या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपलं मत द्यायचं नाही. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. त्या शांततेत भल्याभल्या सर्जननी चुका कबूल केल्या होत्या.

भूलतज्ज्ञ मात्र मुद्दाम चुकायचा.

"आजही डोस मोठ्याने सांगितला नाहीत?"

"सांगितला असता तर तुम्ही इतका वेळ माझ्याकडे बघितलं असतं का?"

ती लाजायची. वेडीचा जीव जडला होता, पण ब्र काढेल तर शपथ.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर तो रेंगाळला.

"आईने एक मुलगी बघितलीय," तो म्हणाला. "आजच उत्तर द्यायचंय... हो म्हणू?"

'नको' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण मेली सवय आधी धावली.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं, आणि थांबली.

तो खुर्चीच्या पाठीवर बोट फिरवत राहिला. "मला वाटलं होतं, तुम्हीच काहीतरी म्हणाल..."

आता बोलेल, आता मनातलं बोलेल, म्हणून ती आणखी थांबली. चेहरा तसाच शांत, सगळ्यांपुढे असायचा तसा. त्याने तो नीट पाहिला आणि फोन लावला.

"आई... हो कळव त्यांना."

"नको!" ती ओरडलीच. "नका ना हो म्हणू!"

त्याने फोनवर तळहात दाबला. त्याचे डोळे भरून आले. "सिस्टर... आत्ता?"

तळहाताखालून आईचा हसरा, रडवेला आवाज येतच होता. "अरे, ते इथेच बसलेत! थांब, मुलीच्या बाबांकडेच देते फोन..."

तिला हुंदका आवरेना. तिच्याकडे बघत बघतच त्याने फोन कानाला लावला.

"नमस्कार," तो म्हणाला.