गंजीतून आलेली ओ

उभी हयात वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. त्यामुळे मी खरं सांगितलं की लोक आधी हसून घेतात.

घ्या हसून. पण यातलं एक अक्षर मी रचलेलं नाही.

साल दोन हजार सहा. कापसाची वाईट वर्षं. ढाणकी गावाजवळची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, बंद पडलेली. शेडमध्ये कोणी न उचललेल्या, भिजून काळपट झालेल्या कापसाची डोंगराएवढी गंजी तेवढी उरलेली.

माझा भाचा राजदीप तिथं भुताच्या पिक्चरची सीडी काढत होता. आमच्या घरात बुद्धवंदना होते, भुताला थारा नाही. पण माझ्या कपाटातल्या जुन्या भयकथा वाचून पोरगं बिघडलं. पांढरं पातळ, मोकळे केस, पैंजण... जुन्या लेखकांनी भुताला जो गणवेश ठरवून दिला, तोच यानं आणला. शाळेत असताना गणवेशाबद्दल इतका काटेकोर नव्हता.

भूत झाली होती त्याची बायको, दीपा.

भरदुपारी शूटिंग. मीही बघायला गेलेलो. दीपानं गंजीत दडायचं आणि पैंजण वाजवत उठायचं.

चौकीदार मारोतीनं अडवलं. गंजीला हात लावण्याआधी काठी आपटून विचारायचं, आत कोनी हाय का. कामाच्या बाया कापसात झोपून जायच्या, म्हणून जिनिंगची ही रीत. राजदीपनं ऐकलं नाही. भूत येण्याआधी शांतता लागते, सगळ्या मोठ्या लेखकांनी तसंच लिहिलंय म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला.

शांतता.

पैंजण काही वाजेना...

आणि गंजी वरून ढासळली. कापूस कोसळताना आवाज होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

राजदीपनं हाक मारली.

"ओ..."

डावीकडून. आम्ही हातांनी कापूस उपसला. खाली नुसती सरकी.

परत हाक.

"ओ... इकडं..."

आता उजवीकडून. तिथंही कोणी नाही.

आवाजात घाई नव्हती. जेवायला बोलावल्यावर द्यावी तशी ओ.

"मामा, आवाज दीपाचाच हाय ना?"

गोष्टींतली माणसं आवाजामागं धावतात. आम्हीही तेच करून राह्यलो होतो.

तेवढ्यात मधोमध, जिथून आवाजच येत नव्हता तिथं, कापूस किंचित हलला...

तिघांनी मिळून उपसला. आधी केस लागले. मग चेहरा, निळा पडलेला. तोंडात कापूस. राजदीपनं बोटांनी काढला तेव्हा ती खोकली.

जिवंत होती.

आणि आमच्या पाठीमागून...

"ओ..."

हाक कोणीच मारली नव्हती.

आम्ही दीपाला उचललं आणि पळालो. मारोतीची चप्पल तिथंच राहिली.

संध्याकाळी ती बोलली.

"मले ओ देताच नाही आली, मामाजी. कोन्या बाईनं माह्या तोंडावर हात ठेवलता. म्हने, तू थांब... आधी मले निघू दे."

सीडी निघाली नाही. राजदीप आता लग्नांची शूटिंग करतो.

त्या गंजीचं पुढं काय झालं, मी कोणाला विचारलेलं नाही. आम्ही एकीलाच काढून आलो.