केरूअण्णांचा हिरवा चौकोन

पिंपळगावच्या पॅकहाउसच्या दारातच एकाने शुभांगीसमोर द्राक्षाचा मणी धरला.

"खाऊन सांगा, साखर किती?"

"मी कॉम्प्युटरवाली आहे."

"म्हणून तर विचारतोय. चुकलात तर आम्हाला बरं वाटेल!"

हा ललित. बागोबाग फिरून द्राक्षांची साखर मोजायचा. त्याचे आकडे ज्या यादीत भरायचे, तो प्रोग्राम शुभांगी लिहीत होती. अठराच्या वर साखर असली की चौकोन हिरवा, म्हणजे बाग तोडायला तयार. खाली असली की लाल.

"लाल जरा फिकट करा ना, शेतकऱ्यांना धडकी भरते."

"आणि हिरवा?"

"तो राहू द्या... तुमच्या ओढणीचा आहे."

ते दोन हजार तीन साल. फेब्रुवारीत शुभांगीचे वडील गेले. पंधराव्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा केरूअण्णा या शेतकऱ्याची आंबट बाग निम्मी तोडून झाली होती. यादीत ती हिरवी दिसत होती. हे कसं झालं, मॅनेजरांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"प्रोग्राम बरोबर आहे," ती म्हणाली. "आकडाच चुकीचा भरला असेल."

ललितने तिच्याकडे नुसतं पाहिलं. "उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजर त्याला म्हणाले.

दुपारी तिने यादी नावांप्रमाणे लावून पाहिली. नावं हलली, आकडे हलले; रंग मात्र जागच्या जागी. रंग आकडा पाहून ठरायला हवा होता, तिने तो ओळीला देऊन टाकला होता. केरूअण्णांच्या बारा साखरेवर दुसऱ्या कुणाचा तरी हिरवा बसला होता.

तिचे कान तापले. फाटकाशी ललित मोटारसायकलला पिशवी बांधत होता.

"तुम्हाला कळलं होतं?"

"सकाळीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरी आत्ताच असं झालेलं... म्हटलं, आज नको."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पाच मिनिटं थांबा," म्हणून ती आत गेली. द्राक्षं निवडणाऱ्या बायकांसमोरच मॅनेजरांना म्हणाली, "आकडा बरोबर होता. चूक माझी आहे. आणि मी न तपासताच त्यांच्यावर ढकलली."

त्यांतल्या सरुबाईची कात्री थांबली. मॅनेजर म्हणाले, "बोलवा त्याला. आणि अण्णांना तोंड तुम्ही दाखवायचं."

ती बाहेर आली. "तुमचं काम आहे तसंच आहे. मला... केरूअण्णांची माफी मागायची आहे. न्याल?"

"गाडीवर बसावं लागेल."

"बसेन."

"आणि माफी मागून झाल्यावर?"

तिला अजून मान वर करवत नव्हती.

"परतायची घाई नाही मला," ती म्हणाली.